पाइप स्लीव्ह

पाइप स्लीव्ह म्हणजे पाणी, वायू, वाफ, सांडपाणी, तेल किंवा रसायने वाहून नेणाऱ्या पाइपभोवती बसवलेले नळीच्या आकाराचे संरक्षक आवरण होय. इंग्रजीतील 'स्लीव्ह' या शब्दाचा मूळ अर्थ बाही असा आहे. हात जसा बाहीत असतो, तसा पाइप या आवरणात असतो. बांधकामावर काम करणारे गवंडी, प्लंबर आणि अभियंते सर्रास 'स्लीव्ह' हाच शब्द वापरतात. भिंत किंवा स्लॅब ओलांडणाऱ्या पाइपला मोकळीक देणे, जमिनीतील पाइपचे क्षरणापासून रक्षण करणे, उष्णतेची देवाणघेवाण रोखणे, आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ न देणे आणि कमकुवत झालेल्या पाइपला आधार देणे ही स्लीव्हची प्रमुख कार्ये आहेत. आकाराने ही वस्तू साधी असली, तरी तिच्या अभावामुळे किंवा सदोष बसवणीमुळे होणारे नुकसान मोठे असते.

प्रकार

कार्यानुसार स्लीव्हचे पुढील पाच वर्ग पाडता येतात.

१. मार्गिका स्लीव्ह : भिंत, स्लॅब, तुळई किंवा पाया यांतून पाइप जाण्यासाठी बांधकामात बसवलेली नळी.
२. क्षरणरोधक स्लीव्ह : जमिनीतील पाइपवर चढवलेले पॉलिथिनचे किंवा उष्णतेने आकसणारे आवरण.
३. केसिंग : रेल्वेमार्ग वा महामार्गाखालून जाणाऱ्या वाहिनीभोवतीची मोठ्या व्यासाची बाह्य नळी.
४. उष्णतारोधक स्लीव्ह : गरम किंवा थंड पाइपवरील फेस, रबर अथवा खनिज लोकरीचे आवरण.
५. दुरुस्ती स्लीव्ह : झिजलेल्या किंवा चिरलेल्या पाइपवर बाहेरून बसवलेले मजबुतीचे आवरण.

आवरणाची गरज

पाइपला बाहेरून मुख्यतः तीन प्रकारे इजा पोहोचते : क्षरण, हालचाल आणि घर्षण.

लोखंडी पाइपचे क्षरण ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ओल्या मातीत पाइपचा काही भाग धनाग्रासारखा, तर काही भाग ऋणाग्रासारखा वागतो. मातीतील क्षारयुक्त पाणी विद्युत अपघटनीचे काम करते. धनाग्राच्या ठिकाणी लोखंड विरघळत जाते आणि कालांतराने तेथे छिद्र पडते. एकाच पाइपचा काही भाग चिकणमातीत व काही भाग वाळूत असला, तर दोन्ही ठिकाणी मिळणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असते आणि तेवढ्या फरकानेही असा विद्युत घट तयार होतो. भिंतीच्या तोंडाशी ही अडचण विशेषत्वाने उद्भवते. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील पोलादावर संरक्षक थर तयार होतो. त्याच पाइपचा लगतचा मातीतील भाग मात्र असुरक्षित राहतो. परिणामी काँक्रीटमधील भाग ऋणाग्र व मातीतील भाग धनाग्र बनतो, आणि पाइप भिंतीबाहेर पडतो तेथेच तो आधी गंजतो. शिसे, ॲल्युमिनियम आणि जस्त या धातूंना तर ओल्या सिमेंटचा अल्कधर्मी गुणच बाधतो.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या परिसरात आणखी एक कारण संभवते. दिष्ट विद्युतधारेवरील रेल्वेत रुळांमधून परतणाऱ्या विद्युतधारेचा काही अंश जमिनीत उतरतो व जवळच्या धातूच्या पाइपमधून वाट काढतो. ही भटकी धारा जेथून पाइप सोडते तेथे क्षरण वेगाने होते. मुंबईची उपनगरी रेल्वे १९२५ साली १,५०० व्होल्ट दिष्ट विद्युतधारेवर सुरू झाली आणि एकविसाव्या शतकापर्यंत तिचे मार्ग याच पद्धतीवर चालत होते. अशा मार्गांजवळच्या वाहिन्यांना विद्युतरोधक आवरणाची गरज अधिक असते.

दुसरे कारण हालचालीचे. तापमान वाढले की पाइप लांबतो. तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढल्यास १० मीटर लांबीचा पोलादी पाइप सुमारे ५ मिलिमीटर, तांब्याचा सुमारे ७ मिलिमीटर, तर सीपीव्हीसीचा सुमारे २५ मिलिमीटर लांबतो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप भिंतीत सिमेंटने घट्ट आवळला, तर ही लांबी सामावण्यास जागा उरत नाही. त्यामुळे पाइप वाकतो, सांध्यावर ताण येतो किंवा गिलाव्याला तडा जातो. नव्या इमारतीचा पाया काळाच्या ओघात थोडा खचतो, परंतु बाहेरच्या जमिनीतील पाइप त्याच प्रमाणात खचत नाही. पाइप पायाच्या भिंतीत जखडलेला असेल, तर या फरकामुळे तो भिंतीच्या कडेवर तुटू शकतो.

तिसरे कारण घर्षणाचे. पंपामुळे किंवा नळ एकदम बंद केल्याने पाइप थरथरतो. काँक्रीटच्या खरखरीत कडेवर ही थरथर वर्षानुवर्षे चालू राहिली, तर तांबे व प्लास्टिक यांसारखे मऊ पाइप झिजतात.

भिंत व स्लॅबमधील स्लीव्ह

मार्गिका स्लीव्ह सामान्यतः पीव्हीसी, पोलाद किंवा बिडाची असते. ती काँक्रीट ओतण्यापूर्वी सेंटरिंगवर ठरलेल्या जागी पक्की बसवली जाते आणि काँक्रीट आत शिरू नये म्हणून तिची तोंडे बंद केली जातात. पुढे तिच्यातून मूळ पाइप ओवला जातो. स्लीव्हचा आतील व्यास पाइपच्या बाह्य व्यासापेक्षा मोठा ठेवतात. पाइपवर उष्णतारोधक आवरण असेल, तर त्या आवरणासह व्यास धरावा लागतो. पाइपचा सांधा स्लीव्हच्या आत येऊ देत नाहीत, कारण तेथील गळती दिसत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

भूकंपप्रवण क्षेत्रात ही मोकळी जागा अधिक ठेवतात. अग्निशामक तुषार यंत्रणेविषयीच्या एनएफपीए १३ या अमेरिकी मानकानुसार, १ ते ३.५ इंच व्यासाच्या पाइपसाठी छिद्र पाइपपेक्षा २ इंचांनी, तर ४ इंच व त्याहून मोठ्या पाइपसाठी ४ इंचांनी मोठे असावे लागते. भूकंपात इमारत हलली, तरी आग विझवणारा पाइप भिंतीवर आदळून तुटू नये, हा यामागील हेतू आहे.

स्लीव्ह वेळेवर बसवली नाही, तर तयार स्लॅबला नंतर छिद्र पाडावे लागते. या कोअर कटिंगमध्ये आतील सळ्या कापल्या जाण्याचा धोका असतो. पूर्वताणित स्लॅबमधील ताणलेली तार कापली गेली, तर स्लॅबची भारक्षमता घटते आणि तार वेगाने उसळून कामगारास गंभीर इजा होऊ शकते. तुळईतून स्लीव्ह नेण्याचा निर्णय संरचना अभियंत्याचाच असतो. साध्या आधारावरील तुळईच्या वरच्या भागात दाब आणि खालच्या भागात ताण घेणाऱ्या सळ्या असतात, तर आधाराजवळ कर्तनबल अधिक असते. म्हणून असे छिद्र शक्यतो उंचीच्या मध्यावर आणि आधारापासून दूर ठेवतात.

स्नानगृह व स्वच्छतागृहाच्या स्लॅबमध्ये स्लीव्ह फरशीच्या पातळीपेक्षा थोडी वर काढतात, म्हणजे फरशीवर साचलेले पाणी तिच्या कडेने खाली उतरत नाही. नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचा उभा पाइप स्लॅबमधून जातो तेथील पोकळी नीट भरलेली नसेल, तर वरच्या घरातील पाणी खालच्या घराच्या छतावर ओल धरते. छतावरील डाग पोकळीच्या बरोबर खाली दिसेलच असे नसते. पाणी स्लॅबच्या पृष्ठभागावरून किंवा तड्यातून वाट काढत दूर जाऊन झिरपते. त्यामुळे केवळ डाग पडला तेथे गिलावा केल्याने गळती थांबत नाही.

तळघर व पाण्याच्या टाक्यांच्या भिंतींत बाहेरील पाण्याचा दाब असतो. तेथे स्लीव्हभोवती किंवा पाइपभोवती मध्यावर एक रुंद कडे जोडलेले असते. त्यास पडल फ्लँज म्हणतात. काँक्रीटला चिकटून आत येऊ पाहणाऱ्या पाण्याला या कड्याला वळसा घालून जावे लागते, म्हणून गळतीस अटकाव होतो. स्लीव्ह आणि पाइप यांमधील कड्याच्या आकाराची पोकळी बंद करण्यासाठी रबराच्या दुव्यांची साखळी वापरतात. तिचे बोल्ट आवळले की रबर फुगते व पोकळी बंद होते. या पद्धतीत पाइपला थोडी हालचालही करता येते.

स्वयंपाकाच्या वायूचा पाइप भिंतीतून नेताना स्लीव्हचा उपयोग वेगळा असतो. भिंतीत पोकळी असेल आणि पाइप तेथेच गळला, तर वायू पोकळीत साचून स्फोटास कारण होऊ शकतो. अखंड स्लीव्हमुळे गळलेला वायू भिंतीत पसरत नाही. ब्रिटनमधील प्रचलित पद्धतीत स्लीव्हचे घरातील तोंड बंद करून बाहेरील तोंड मोकळे ठेवतात, जेणेकरून वायू मोकळ्या हवेत निघून जाईल. दोन्ही तोंडे बंद केल्यास वायू स्लीव्हमध्येच कोंडला जातो.

आग आणि धुराचा अटकाव

भिंतीतील प्रत्येक छिद्र आगीच्या दृष्टीने उघडी वाट असते. एखादी भिंत दोन तास आग अडवेल अशा जाडीची बांधली, परंतु तिच्यातील पाइपभोवतीची पोकळी मोकळी सोडली, तर ज्वाला व धूर काही मिनिटांतच पलीकडे पोहोचतात. उभ्या पाइपसाठी ठेवलेल्या सलग डक्टमध्ये धूर धुराड्याप्रमाणे वर चढतो.

या धोक्याचे एक ठळक उदाहरण पाइपचे नसून विजेच्या केबलींचे आहे. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीची पोकळी ज्वलनशील फेसाने बुजवली जात होती. हवेची गळती तपासण्यासाठी मेणबत्तीची ज्योत धरली असता फेसाने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली व १,६०० हून अधिक केबली निकामी झाल्या. या घटनेनंतर अमेरिकेत अणुवीज केंद्रांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक करण्यात आले. पोकळी बुजवणे पुरेसे नसून ती कशाने बुजवली हेही तितकेच महत्त्वाचे असते, हा त्यातून मिळालेला धडा पाइपच्या स्लीव्हलाही लागू पडतो.

धातूच्या पाइपभोवतीची पोकळी सामान्यतः खनिज लोकर आणि अग्निरोधक लुकण यांनी भरतात. प्लास्टिकचा पाइप आगीत वितळून मूळ जागी मोठे छिद्र पडत असल्यामुळे त्यासाठी फुगणाऱ्या पदार्थाची पट्टी असलेली कॉलर वापरतात. उष्णता लागताच हा पदार्थ आकारमानाने कित्येक पटींनी वाढतो, मऊ झालेल्या पाइपला चिरडतो आणि छिद्र बंद करतो. भारताच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेविषयी असून नववा भाग पाणीपुरवठा व सांडपाणी वाहिन्यांविषयी आहे. मार्गिका स्लीव्हचा विचार करताना हे दोन्ही भाग पाहावे लागतात.

जमिनीखालील आवरणे

बिडाच्या आणि तन्य बिडाच्या पाणीवाहिन्यांवर पॉलिथिनची सैल बाही चढवण्याची पद्धत अमेरिकेत विकसित झाली. १९५१ मध्ये तिचे प्रयोग सुरू झाले आणि १९५८ मध्ये लुइझियाना राज्यातील लाफूर्श परगण्यात ती प्रत्यक्ष वाहिनीवर वापरण्यात आली. या पद्धतीसाठी आयएसओ ८१८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रचलित पत्र्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर असते. ही बाही पूर्णतः जलरोधक नसते. तिच्या आत शिरलेल्या थोड्या पाण्यातील ऑक्सिजन सुरुवातीच्या क्षरणात संपतो आणि साचलेले पाणी बदलत नसल्यामुळे पुढील क्षरण मंदावते. पाइप व माती यांचा थेट स्पर्श टळल्याने मातीतील फरकांमुळे होणारे विद्युत घटही निर्माण होत नाहीत. बाही फाटली आणि भूजल आतून खेळू लागले, तर मात्र हा लाभ उरत नाही.

पोलादी तेलवाहिन्या व वायुवाहिन्यांचे पाइप कारखान्यातूनच लेप देऊन येतात, परंतु वेल्डिंगसाठी त्यांची टोके उघडी ठेवलेली असतात. ही टोके जागेवर झाकण्यासाठी उष्णतेने आकसणारी स्लीव्ह वापरतात. पॉलिथिनवर प्रारणांचा मारा केला असता त्याचे लांब रेणू एकमेकांना आडवे जोडले जातात. असे पॉलिथिन गरम करून ताणले व ताणलेल्या स्थितीतच थंड केले, तर ते तसेच राहते. पुन्हा उष्णता दिली की ते मूळ आकाराकडे परतते. अमेरिकेत पॉल कुक यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या रेकेम या कंपनीने या तत्त्वावरील उत्पादने प्रसारात आणली.

स्लीव्ह बसवताना वेल्डलगतचा पृष्ठभाग वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने स्वच्छ करतात, पाइप तापवून इपॉक्सीचा थर देतात व त्यावर स्लीव्ह गुंडाळतात. त्यानंतर ज्योत मध्यापासून कडांकडे फिरवतात, म्हणजे आतील हवा बाहेर ढकलली जाते. शेवटी उच्च विद्युतदाबाच्या उपकरणाने तपासणी करतात. लेपात सूक्ष्म छिद्र असल्यास तेथे ठिणगी पडते.

रेल्वेमार्ग किंवा महामार्ग ओलांडताना वाहिनी अनेकदा मोठ्या पोलादी वा काँक्रीटच्या केसिंगमधून नेली जाते. वरील वाहतुकीचा भार केसिंग पेलते, गळती झाल्यास भराव वाहून जात नाही, आणि मार्ग न खोदता आतील पाइप बदलता येतो. आतील पाइप केसिंगला टेकू नये म्हणून ठरावीक अंतरावर विद्युतरोधक कडी बसवतात व दोन्ही टोके रबरी आवरणाने बंद करतात. वायुवाहिनीच्या केसिंगला बाहेर उघडणारी उभी नळी जोडतात. आत वायू साचला, तर तो या नळीवाटे बाहेर पडतो.

उष्णतारोधक स्लीव्ह

वातानुकूलन यंत्रणेतील थंड पाण्याचा पाइप साधारणतः ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मुंबई व कोकणातील पावसाळी हवेचे दवबिंदू तापमान २४ ते २५ अंशांच्या जवळपास जाते. त्यामुळे उघड्या पाइपवर हवेतील बाष्प सतत पाणी होऊन ठिबकत राहते. बंद पेशींच्या नायट्राइल रबराची स्लीव्ह हे बाष्प पाइपपर्यंत पोहोचू देत नाही. तिचे सांधे डिंकाने नीट चिकटवले नाहीत, तर बाष्प फटीतून आत शिरते आणि आवरण बाहेरून कोरडे दिसत असतानाही पाइप आतून गंजत राहतो. छतावरील सौर उष्णजल यंत्राच्या पाइपवरील फेस सूर्याच्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतो, म्हणून त्यावर बाहेरून आणखी एक आवरण आवश्यक असते.

विसाव्या शतकात वाफेच्या पाइपवर ॲस्बेस्टॉसचे आवरण जगभर वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात गेल्याने फुप्फुसांचे विकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा असाध्य कर्करोग होतो. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली. जुन्या इमारती, जहाजे व कारखाने यांतील असे आवरण सुरक्षेविना तोडणे आजही धोक्याचे आहे.

दुरुस्ती स्लीव्ह

पोलादी वाहिनीचा काही भाग झिजला, तर तो कापून काढण्याऐवजी त्याभोवती पोलादाचे दोन अर्धगोल बसवून ते एकमेकांना वेल्ड करतात. 'अ' प्रकारच्या स्लीव्हची टोके पाइपला वेल्ड केलेली नसतात. ती कमकुवत भागाला केवळ आधार देते, म्हणून गळक्या पाइपवर चालत नाही. 'ब' प्रकारच्या स्लीव्हची टोके पाइपला वेल्ड केलेली असल्यामुळे ती आतील दाब धरून ठेवू शकते व गळतीवरही वापरता येते. वेल्डिंग टाळायचे असल्यास काचतंतू आणि रेझिन यांचे पट्टे गुंडाळतात.

मर्यादा

आवरण पाइपचे रक्षण करते, त्याचप्रमाणे ते दोष दृष्टीआडही करते. उष्णतारोधक आवरणाखाली पाणी शिरल्यास कार्बन पोलादाचे क्षरण उघड्या पाइपपेक्षा अधिक वेगाने होऊ शकते. साधारणतः उणे ४ ते १७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाइपला हा धोका संभवतो. अगंज पोलादात क्लोराइडमुळे ताण-क्षरणाच्या चिरा पडतात.

जमिनीखालील वाहिन्यांना लेपासोबत कॅथोडिक संरक्षणही देतात. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हे तत्त्व मांडले. यात बाहेरून विद्युतधारा पुरवून संपूर्ण पाइपला ऋणाग्र बनवले जाते. पॉलिथिनचा पट्टा किंवा स्लीव्ह पाइपपासून सुटली, तर तिच्याखाली पाणी शिरते, परंतु आवरण विद्युतरोधक असल्यामुळे संरक्षक धारा तेथे पोहोचत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने वाहिन्यांतील ताण-क्षरणाची चौकशी करून १९९६ मध्ये दिलेल्या अहवालात पॉलिथिन पट्ट्यांच्या अशा सुटण्याचा या चिरांशी असलेला संबंध नमूद केला. केसिंगबाबतही हीच अडचण आहे. आतील पाइप केसिंगला टेकला, तर संरक्षक धारा केसिंगकडे वळते. म्हणून अनेक अभियंते केसिंगऐवजी जाड भिंतीचा पाइप पसंत करतात.

तपासणी व देखभाल

स्लीव्हची तपासणी मुख्यतः ती झाकली जाण्यापूर्वीच शक्य असते. काँक्रीट ओतण्याआधी तिची जागा, उतार व व्यास नकाशाशी ताडून पाहतात. खंदक बुजवण्यापूर्वी आवरणास पडलेले चिरे दुरुस्त करतात. इमारतीत नंतर इंटरनेटची केबल किंवा नवा पाइप नेण्यासाठी अग्निरोधक लुकण फोडले गेले असेल, तर ते पुन्हा भरणे आवश्यक असते. उष्णतारोधक आवरणाचे सांधे, कोपरे आणि सर्वांत खालचे भाग पावसाळ्यानंतर पाहावेत, कारण शिरलेले पाणी तेथेच साचते. प्रत्येक स्लीव्हची जागा दाखवणारा नकाशा जपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीत भिंत वा स्लॅब विनाकारण फोडावा लागत नाही.